कॅरव्हॅनच्या तळातली दोन भोकं

मी मुळातच भित्री बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. मँचेस्टरच्या या घरात आमचा अर्धा जन्म गेला, तरी बाहेर पडताना मी तीनदा मागे फिरून स्वयंपाकघरातली बटणं बघते. आमचे हे ट्रामच्या स्टॉपवर पोचलेले असतात आणि मी अजून दारातच किल्ली फिरवत उभी.

पण खरी भीती बसली ती यांचं नाक गेल्यावर. कोविडमधून हे उठले, ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग डॉक्टरांनीही तो विषय सोडला. एकदा हे नासलेल्या दुधाचा चहा शांतपणे पिऊन मोकळे झाले. एकदा मी वरती कपड्यांच्या घड्या घालत होते, जळका वास आला म्हणून धावत खाली आले, तर टोस्टरमधून धूर निघतोय आणि हे त्याच्या शेजारी उभे राहून खिडकीतून चिमण्या बघतायत. त्या दिवसापासून या घराचं नाक मी झाले. दुधाची बाटली, फ्रिजमधली भाजी, बॉयलरचं कपाट, सगळं हुंगून बघायचं काम माझ्याकडे आलं.

नाकाबरोबर यांची चवही गेली. खाण्यावर जीव असलेला माणूस, वरणावर तूप कमी पडलं तर तोंड पाडून बसायचा. तो म्हणायला लागला, "फोडणी घातलीस काय, नाही घातलीस काय, मला एकच." रिटायर झालेले होतेच. दिवसभर सोफ्यावर बसून राहायचे. मला त्यांची ती बसण्याची पद्धत बघवत नसे.

म्हणून हे जेव्हा ती कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडायची चाकांवरची खोली, घेऊन आले, तेव्हा मी फार आरडाओरडा केला नाही. म्हणजे केला, पण मनापासून नाही केला. कुठल्याशा शेतात कित्येक वर्षं पडून होती ती. आमच्या लग्नाच्याही आधीची, पुढून गोल, पत्र्यावर हिरवं शेवाळ. घरापुढच्या ड्राइव्हवर आणून उभी केली तेव्हा मी म्हटलं, "हे काय भिकेचे डोहाळे?" तर म्हणाले, "वर्षभरात उभी करतो. मग हिच्यातनं लेकीकडे जायचं, एडिनबराला. वाटेत जिथे वाटेल तिथे थांबायचं." कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून पुढच्या दिवसांचं काहीतरी निघालं होतं.

आतून ती पार कुजलेली होती. पॅनेल ओढलं की मागचं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात यायचं. यांनी जमिनीचं प्लाय काढलं, नवीन टाकलं, भिंतींच्या फळ्या बदलल्या, खिडक्यांच्या कडांना सीलंट भरलं. सकाळी नऊला आत शिरायचे ते जेवायलाच बाहेर. शीळ ऐकू यायची. मला बरं वाटायचं आणि माझा जीवही टांगणीला लागायचा, कारण आत थिनर, वॉर्निश, गोंद, आणि या माणसाला कशाचाच पत्ता नाही. मी ड्राइव्हवर घडीची खुर्ची टाकून विणत बसायची आणि दर पंधरा मिनिटांनी आत डोकं घालायची. "आली पहारेकरीण," म्हणायचे. म्हणेनात का.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते. सिंकच्या कपाटाखाली आणि पुढच्या बाकाखाली जमिनीला दोन गोल भोकं होती, चहाच्या कपाच्या तोंडाएवढी, जुनी, जाळी गंजलेली. यांनी नवीन प्लाय कापताना ती जशीच्या तशी ठेवली होती, कारण जुन्यात होती. मला काही पटलं नाही. खालून गार वारा सरळ पायाला लागायचा, यांची छाती आधीच नाजूक, आणि वर उंदीर आत येतील ती भीती. एका दुपारी हे टिंबर आणायला गेले होते. मी यांचे जुने बनियन फाडून दोन्ही भोकांत घट्ट कोंबले, वरून सीलंटची अख्खी नळी रिकामी केली, बोटाने सारवलं. कपाटाखाली कोण वाकून बघतंय? मी स्वतःवर खूश होते. यांना सांगायचंही राहून गेलं.

मार्चमध्ये कॅरव्हॅन तयार झाली. पत्रा दुधी रंगाचा, आत पिवळे पडदे, ते मी शिवले. गॅसचं तेवढं राहिलं होतं. यांनी नवीन सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाइप जोडून ठेवले होते, शेगडीचा हॉब मात्र मूळचाच, घासून चकचकीत केलेला. तपासायला गॅसचा इंजिनिअर यायचा होता गुरुवारी. आणि पाडवा येत होता त्याच्या आधी.

मी हट्टाला पेटले. नव्या घरात पहिलं दूध उतू घालतात, मग इथे का नाही? चाकं असली म्हणून काय झालं, झोपायचं तर त्यातच ना? साडेतीन मुहूर्तांतला एक हातात आलेला असताना तो गुरुवारच्या इंजिनिअरसाठी सोडायचा, हे माझ्या डोक्यात बसेना. लेक फोनवर म्हणाली, "आई, प्लीज, तो माणूस चेक करेपर्यंत गॅस नका लावू ना. पाडवा काय, नेक्स्ट इयर पण येतो." हे पण म्हणाले, दोन दिवस थांबू. सगळ्या जगाला भिणारी मी, त्या एका बाबतीत भ्याले नाही. मी म्हटलं, "तुम्ही आयुष्यभर मशिनं जोडलीत, एक पाइप जोडता येत नाही होय?"

पाडव्याला सकाळी बोचरा वारा होता. ज्योत विझू नये म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या, दारही ओढलं. काडीने मोठा बर्नर पेटवला, स्टीलचं पातेलं पूर्वेकडे जरा कलतं ठेवलं, दूध काठोकाठ. दोघं हात जोडून उभे. साय फुगली, वर आली, आणि भसकन उतू गेली, अगदी पूर्वेकडेच. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी पातेलं उचलून बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "मी पुऱ्या तळून आणते, तोवर तुम्ही देव मांडा. निरांजन मी आल्यावर लावू."

उतू गेलेल्या दुधाखाली ज्योत विझली होती. मला वाटलं, हॉब यांनी बंद केला. यांना वाटलं, मी केला. बटण तसंच पूर्ण उघडं राहिलं.

मी घरात गेले. पुऱ्या लाटल्या, तळल्या, श्रीखंड वाटीत काढलं. मध्येच लेकीचा फोन, ती विचारतेय झालं का, मी म्हणतेय झालं, आणि बघ, काही झालं नाही. वीस मिनिटं तरी गेली असतील. ताट घेऊन ड्राइव्हवरून गेले, कोपराने कॅरव्हॅनचं दार उघडलं, आणि तो वास अंगावर आला. सडक्या कोबीचा, दाट, पायाकडून वर येणारा.

हे जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर पाटावर देव, हळदकुंकू, वात घातलेलं निरांजन. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. मला बघून हसले. "आलीस? म्हटलं काडी काढून तयार राहू."

ताट मी बाहेर गवतावर कसं ठेवलं ते आठवत नाही. वाकले, यांच्या हातातली काडेपेटी ओढून घेतली आणि दुसऱ्या हाताने शर्टाची कॉलर धरून ओढायला लागले. हे म्हणत होते, "अगं, काय झालं? पाय तरी काढू दे." मी हलक्या आवाजात म्हटलं, "गॅस आहे. उठा."

बाहेर आणलं. मी धावत पुढे जाऊन सिलिंडरचा कॉक फिरवला, घाईत आधी उलटाच. मग दोघं गेटपाशी उभे राहिलो. यांनी कॅरव्हॅनच्या उघड्या दाराकडे तोंड करून एक मोठा श्वास घेतला, नाकपुड्या फुगवून. मग अजून एक घेतला.

"मला तर काहीच येत नाहीये," ते म्हणाले.

मी तिथेच ओल्या गवतावर बसले. हे माझ्याशेजारी बसले. कितीतरी वेळ ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते, ज्यात काडी होती. ती अजून बोटांत होती, मी फक्त पेटी ओढली होती.

गुरुवारी इंजिनिअर आला. खाली वाकून टॉर्च फिरवला आणि विचारलं, ही ड्रॉप-आउट व्हेंट्स कुणी बंद केली? मग त्यानेच सांगितलं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीवर साचतो. गळला तर त्या भोकांतून खाली पडून जावा, म्हणून ती ठेवलेली असतात. ती उघडी असती, तर परवा एवढा गॅस साचलाच नसता.

हे माझ्याकडे वळले. त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मी केली. तुम्हाला वारा लागू नये म्हणून." रागावले असते तर बरं झालं असतं. ते उकिडवे बसले आणि स्क्रूड्रायव्हरने माझं सीलंट खरवडायला लागले. बनियनचा बोळा निघाला, त्याकडे बघून म्हणाले, "चांगलं पॅक केलं होतंस गं," आणि तो खिशात टाकला. इंजिनिअरने ज्योत विझली की आपोआप बंद होणारा नवीन हॉब बसवला, जमिनीलगत गॅसचा अलार्म लावला, सगळं तपासून कागद दिला.

तरी महिनाभर मी कॅरव्हॅनमध्ये पाय ठेवला नाही, आणि हे एकटे शिरले की मी दारात. यांची शीळ बंद झाली. त्याहून वाईट म्हणजे मला सगळीकडे तो वास यायला लागला. ट्राममध्ये यायचा, लायब्ररीत यायचा, धुतलेल्या उशीच्या अभ्र्यालाही यायचा. ज्या नाकाच्या भरवशावर आमचं घर चाललं होतं, ते खोटं बोलायला लागलं होतं, आणि ही गोष्ट मी यांना सांगितली नव्हती.

मेमध्ये एका रविवारी दुपारी हे म्हणाले, "चल, आत चहा करू. नाहीतर विकून टाकतो." मी गेले. दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, दोन्ही भोकांतून वारा पायाला लागत होता. अलार्मचा हिरवा दिवा शांत होता. यांनी पाण्याचं भांडं ठेवलं, बटणावर हात ठेवला आणि थांबले. कागदाकडे पाहिलं नाही, अलार्मकडे पाहिलं नाही.

"वास येतोय का?" त्यांनी मला विचारलं.

येत होता. दाट, पायाकडून वर येणारा. मी त्यांना सगळं सांगितलं, ट्राम, लायब्ररी, उशी. म्हटलं, "येतोय. पण मला आता कुठेही येतो. माझं काही खरं नाही."

ते बटणावरचा हात न काढता म्हणाले, "मग तूच सांग. नको म्हणालीस तर नाही लावत. कधीच नाही लावत." आणि ते खरोखर थांबून राहिले.

मी बाकाची कड घट्ट धरली. म्हटलं, "लावा," आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा बर्नर पेटलेला होता, हे डब्यातून चहाची पूड काढत होते, आणि वास तसाच येत होता.