बियाण्याची ओळ

पौषातल्या सकाळी परसदारी ऊन उतरे तेव्हा ते वाटाण्याच्या चपट्या शेंगांतून आरपार जाई, आणि आतले अजून न भरलेले दाणे हिरव्या काचेत थबकलेल्या थेंबांसारखे दिसत. जांभळ्या फुलांचा गंध इतका मंद, की मोरीच्या पाण्यानं भिजलेल्या मातीच्या वासातून तो शोधून काढावा लागे. सोलापूरच्या कोरड्या, धुळकट थंडीत आमच्या घरापुरती तेवढीच काय ती ओल.

ते वेल माझ्या थोरल्या जाऊबाईंचे, अक्कांचे. हा वाटाणा सोलायचा नसे. शेंग कोवळी असतानाच सालीसकट खायची. अक्कांच्या वडिलांना कुणा साहेबाच्या बागेतून मूठभर बी मिळालं होतं, आईनं ते वर्षानुवर्षं राखलं, आणि दोघंही गेल्यावर माहेरचं म्हणून अक्कांपाशी तेवढंच उरलं. कार्तिकात त्या बी टोकत, वेलांना तुराट्यांचा आधार देत, आणि भिंतीलगतची एक ओळ बियाण्यासाठी राखून बाकीच्या शेंगा आम्ही दोघी दिवसाआड खुडत असू.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या हिवाळ्यात, शेंगा खुडत असताना एका दुपारी, वेलांखालून एक उंदीर बाहेर आला. तो पळाला नाही. आमच्यासमोर लख्ख उन्हात झिंगल्यासारखा गोल फिरला आणि शेंगांच्या टोपलीशेजारी आडवा झाला. अक्कांनी पदर नाकाशी धरला. पलीकडच्या विणकराची बायको नरसम्मा भिंतीवरून बघत होती. घरात ती तेलुगू बोले. आमच्याशी तिचं मराठी बेतानं चाले.

"आमच्याकडं पण पडलेत, अक्का," ती म्हणाली. "मागावरनं सगळे उठले. आमी उद्या जातो."

उंदीर पडू लागले की मागोमाग माणसांना गाठीचा ताप येतो, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी घराला कुलूप घालून आम्ही गावाबाहेरच्या माळावर, तट्ट्यांच्या झोपडीत राहायला गेलो. टोपलीतल्या शेंगा टाकून दिल्या. बियाण्याची ओळ हिरवीच मागे राहिली.

माळावर आकाश फार मोठं होतं आणि माणसं फार हळू बोलत. कुणी खोकलं की आजूबाजूच्या झोपड्यांतली भांडी वाजायची थांबत. सकाळच्या कोवळ्या उन्हात दूरवर शहर निजल्यासारखं दिसे, त्यावर चुलींचा धूर नसे. पौष सरला, वारे फिरले, आणि अक्का त्या वाऱ्याकडे लक्ष ठेवून राहिल्या.

एके दिवशी स्वयंपाक आटोपून त्या मला म्हणाल्या, "मी जाऊन येते. घरात पाय ठेवत नाही. परसाच्या दारानं जायचं नि यायचं."

"भावजींना विचारा तरी, अक्का."

"विचारलं तर नको म्हणतील. वारा बघ कसा सुटलाय. शेंगा तडकल्या की संपलं."

मी त्यांच्याबरोबर निघाले. बोळाच्या तोंडाशी त्यांनी मला थांबवलं. दोन्ही बाजूंची दारं कुलपं लावलेली, ओट्यावर कुणाचं धोतर वाळत घातलेलं तसंच, ऊन खाऊन कडक झालेलं; आणि ज्या गल्लीत मागांच्या खटखटाटात बोललेलं ऐकू येत नसे, तिथं मला माझा श्वास ऐकू येत होता. अक्का परतल्या तेव्हा ओच्यातल्या वाळक्या शेंगा पावलागणिक खुळखुळत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

आठवडा सरायच्या आत त्यांना ताप भरला, काखेत गाठ आली. पलीकडच्या झोपडीत एक म्हातारे गृहस्थही त्याच सुमारास गेले; त्यांनी तर माळ सोडून कुठं पाऊल टाकलं नव्हतं. पण अक्का गेल्यावर सगळ्यांच्या तोंडी शेंगाच होत्या. भावजींनी त्यांचं अंथरूण, लुगडी, सारं जाळलं. झोपडीच्या मेढीला बांधलेलं बियाण्याचं फडकं त्यांना दिसलं होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही.

पुढच्या कार्तिकात मी ते बी टोकलं. "हे कशाला आता?" माझे यजमान म्हणाले. भावजी मात्र कचेरीतून येताना तुराट्यांची पेंढी घेऊन आले. वेल चढले, फुलले. शेंग खुडण्याआधी प्रत्येकजण वाकून वेलांखाली बघून घेई. राखलेली ओळ पिवळी पडत गेली तसे भावजी रोज तिथं येऊन उभे राहू लागले. माझ्याशी ते सहसा बोलत नसत. एकदा वेलांकडेच बघत त्यांनी विचारलं,

"वाळल्यावर या शेंगा अशा किती दिवस टिकतात?"

अक्कांना तेव्हा थांबता आलं असतं का, हे ते विचारत होते, ते मला कळलं.

"फार नाही," मी म्हणाले. "वाऱ्यानं तडकतात. बी मातीत जातं."

त्यांनी मान हलवली आणि ते आत गेले.

त्या वर्षी बी काढताना एक वेल मी मुद्दाम तसाच ठेवला. रोज सकाळी उठून मी तिकडे जाई, आणि जवळ पोचण्याआधी माझी पावलं मंदावत. कारण शेंगा मिटलेल्या सापडाव्यात की तडकलेल्या, यांतलं मला नेमकं काय हवं आहे, ते ठरत नव्हतं.