तीन वाट्या, तीन वजनं

बेसन भाजताना आज खमंग वास सुटला आणि माहेरच्या, फतेगंजच्या घरातली एक दुपार आठवली. परदेशातल्या लेकीसाठी मला आईच्या लाडवांचं माप ग्रॅममध्ये हवं होतं. आई बेसनाची वाटी भरून देत होती, मी काट्यावर ओतून वहीत लिहीत होते. एकशे दहा, अठ्ठ्याण्णव, एकशे एकवीस. ओट्यावर पीठ सांडलेलं.

"आई, वाटी एकच ना? नीट भर की!" मी खेकसले.

"जवा दे ने, जाऊ दे, तुझा काटाच खराब आहे," असं तिच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणत तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

तिचं आजारपण आम्हाला फार उशिरा कळलं. आता आई नाही, वहीत ते तीन आकडे आहेत. काटा चांगलाच होता. तिचा हात कापत होता, आणि मी ग्रॅम लिहून घेत होते.