किलजूवालीचा पाहुणा

आमचे पणजोबा मा दलसू जेवढे फिरले तेवढं आमच्या सात पिढ्यांत कुणी फिरलं नसेल. लोक कौतुकाने विचारतात, पण मला मेलं काडीचं कौतुक वाटत नाही. फिरणाऱ्याचं काय जातं हो? मागे राहिलेल्याला विचारा.

दुष्काळाच्या साली रशियाच्या सीमेवरची आमची तुमन नदी गोठली, तेव्हा ते बर्फावरून चालत रशियात गेले. वय तेवीस, बायको पोटुशी. "सुगीपर्यंत येतो," म्हणाले. मग व्लादिवोस्तोकच्या बंदरात हमाली, अमूरकाठी वाळू गाळून सोनं शोधणं, सखालिनला मासे खारवणं आणि शेवटी रशियनांच्या रेल्वेचे रूळ टाकणं. कधीमधी एखाद्या फेरीवाल्याच्या तोंडी निरोप यायचा. माणूस काही येईना.

पणजीचं माहेर किलजूचं, म्हणून गाव तिला किलजूवाली म्हणे. परमुलखात गेलेलं माणूस उपाशी राहू नये म्हणून त्याच्या नावाने आधी वाडगाभर भात काढायचा, ही आमच्याकडची रीत. भात कसला, राळेच ते. पितळी वाडग्यावर झाकण घालून ती तो चुलीच्या अंगाला, ऊबदार जमिनीवर, गोधडीखाली ठेवायची. ठेवताना दोन शब्द बोलायची. पोराला दात आले, डुकरीण व्याली, असलंच काहीतरी.

सव्वीस वर्षांनी पणजोबा दारात उभे राहिले. आमच्याकडे लग्न झालेले पुरुष बांधायचे तो डोक्यावरचा बुचडा कापलेला, अंगात रशियन कोट, तोंडात चार दात. माझी आजी म्हणजे त्यांची सून, ती अंगणात किमचीसाठी कोबी धूत होती.

"सासूबाई, कोण हो हे?"

पणजीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पाहुणे आहेत. ताट वाढ त्यांना."

पणजोबा हसले. वाटलं, रागावली आहे, ओसरेल. राग असता तर बरं झालं असतं! पणजी त्यांना गरम गरम वाढायची, मोजे शिवून द्यायची, "अहो पाहुणे, अजून घ्या" म्हणायची. आणि संध्याकाळी वाडगा भरून गोधडीखाली सरकवायचीच.

"आता कुणासाठी गं हे?" पणजोबांनी एकदा विचारलं.

"ह्यांच्यासाठी."

"अगं, मीच तो! दलसू!"

"असाल की. मी कुठे नाही म्हणतेय?" झाकण पुसत पणजी म्हणाली. "पण मी ज्यांना इतकी वर्षं वाढलं, त्यांच्याशी मी रोज बोललेय. तुमच्याशी काय बोलू?"

मुलगा वैतागला. "आई, पुरे आता. गाव हसतंय."

"हसू दे. माझ्याबरोबर वाट बघायला आलं होतं का तुझं गाव?"

पणजोबांनी तिला अस्वलांच्या गोष्टी सांगितल्या, बर्फात गाडल्या गेलेल्या सोबत्यांच्या सांगितल्या. फेरीवाल्याचं ऐकावं तसं ती ऐकून घ्यायची आणि कामाला उठायची. मग ते दिवसभर सरपणाशी बसून राहू लागले. एकदा आजीला म्हणाले, "सूनबाई, तिकडे थंडीत मला एकच आधार होता, घरी बायको वाट बघतेय. बघतेय की! पण माझी नाही. इतकं एकटं मला सखालिनलासुद्धा वाटलं नव्हतं गं." आजी हे सांगताना दरवेळी रडायची.

पुढच्या हिवाळ्यात पणजी तापाने आडवी झाली. तिन्हीसांजेला नुसती तळमळायला लागली, उठायला बघायची. आजीने ओळखलं आणि पळी उचलली.

"आण इकडे, मी करतो," पणजोबा म्हणाले. जन्मात कधी चुलीपाशी न गेलेला माणूस! त्यांनी वाडगा भरला, झाकण घातलं, गोधडीच्या कडा नीट दाबल्या.

"ठेवलात?" पणजीने डोळे मिटूनच विचारलं.

"ठेवला."

"आले का हो ते?"

पणजोबा तिच्या उशाशी बसले.

"नाही अजून," ते म्हणाले. "तू नीज. मी बघतो वाट."