नवस माझा, दिवाळं घराचं

कुठल्या तोंडानं सांगू, तेच कळत नाही! पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. आमचं चांगलं धडधाकट घर बुडालं, अशी हूल मी उठवली. तीसुद्धा तोंडातून एक शब्द न काढता!

आमचे हे रिटायर झाले आणि हॉलमधल्या सोफ्याला चिकटले. साखर वाढली. डॉक्टर ओरडले, मी ओरडले. यांचं उत्तर ठरलेलं, "उद्यापासून चालतो."

शेवटी मोहनअण्णांना मध्ये घातलं. अण्णा म्हणजे आमचे गुंतवणुकीचे सल्लागार, बेळगावकडचे. ऑफिस इथं बंगळूरच्या इंदिरानगरात, पण पहाटे तळ्याभोवती पळून आल्याशिवाय माणूस कामाला बसणार नाही. वयस्कर गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः जातात. "काम म्हणजे सेवाच की हो, अक्का," म्हणतात, "आणि सेवा करायची तर आधी आपलं अंग धड पाहिजे." यांनाही त्यांनी सांगून पाहिलं, "राव, पैसा काय, शरीर काय, रोज स्वल्प स्वल्प घालत राहायचं बघा." हे त्यांच्याच कानडीत "सरी, सरी," म्हणजे बरं बरं म्हणाले आणि कूस बदलली.

मग मला देवीशिवाय कोण? नवस बोलले. हे रोज चालायला लागेपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही, एक वेळ जेवेन, चटईवर झोपेन. नवरात्र असतं तर कुणीही ओळखलं असतं. पण साखर काय घटस्थापनेची वाट बघत बसते? आणि आईनं शिकवलेलं, नवस पुरा होईपर्यंत कुणापाशी बोलायचा नाही. तिथंच सगळा घोटाळा झाला.

एका सहीसाठी अण्णांच्या ऑफिसात जायचं होतं. गेले तशीच, अनवाणी. अण्णांची नजर माझ्या पायांवर.

"अक्का, चप्पल कुठं आहे?"

"सध्या नाही घालत."

"बरं, कॉफी तरी घ्या. बिस्किटं घ्या."

"नको अण्णा. एकदाच जेवते हल्ली."

"एकदाच? का हो?"

"ते सांगता येत नाही. घरातली गोष्ट आहे. आणि हे बघा, यांच्याजवळ एक अक्षर काढू नका!"

अण्णांचा चेहरा उतरला. मला वाटलं, पळून पळून दमले असतील बिचारे!

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात. घामाघूम, खांद्यावर तांदळाची पिशवी, हातात तूरडाळ आणि माझ्या मापाचे बूट! "सेवा समजा, अक्का," म्हणाले. मी खुळी. वाटलं, आमच्या भजनी मंडळाच्या प्रसादाला तांदूळ दिले. बूट कशाला, हा प्रश्न पडायला हवा होता की नाही? पडला नाही. हात जोडून आत ठेवून आले.

बाहेर येते तर अण्णा यांचा हात धरून बसलेले. "राव, माझ्याकडचं सगळं जागेवर आहे. बाकीचं कुठं घातलंत? शेअर बाजारात? मोकळं बोला."

"मी? मी रिमोटशिवाय कशाला हात लावत नाही!"

"मग अक्का अनवाणी का? एक वेळ का जेवतात?"

यांनी सोफ्यावरून मान वळवली. "आणि चटईवर झोपते! मला वाटलं, पाठ धरलीय. अगं, घरचा सगळा व्यवहार तुझ्याकडे. काय केलंस? बुडालं का सगळं?"

"काही बुडालं नाही हो!"

"मग हे काय चाललंय?"

"सांगता येत नाही."

झालं! आता मला सांगा, यापेक्षा वाईट उत्तर जगात कुठलं असेल? हे पांढरेफटक. अण्णा म्हणाले, "घाबरू नका. चला, चालत चालत मार्ग काढू. बसून मला सुचत नाही." आणि काय सांगू, आमचे हे उठले!

त्या दिवसापासून दोघं रोज पहाटे तळ्याभोवती फिरून माझं न झालेलं दिवाळं निस्तरू लागले. ऑटो बंद. चिकपेटच्या बाजारात मेट्रोनं जायचं, पुढे सगळं पायी. भाजी स्वतः उचलून आणायची. मी हाताची घडी घालून बघतेय. एका संध्याकाळी दोन माणसं आली आणि सोफाच उचलून घेऊन गेली. यांनी विकला होता! मला इतका आनंद झाला की हसूच फुटलं. हे अण्णांना फोनवर हळूच म्हणाले, "धक्का बसलाय हो तिला. हसतेय."

असं दोघांना किती रडवायचं? हे चालायला लागले होते, नवस पुरा झाला होता. दुसऱ्या दिवशी देवीची ओटी भरली, चप्पल घातली आणि दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. बसवून म्हणजे चटईवर, दुसरं होतं काय घरात!

अण्णा पोट धरून हसले. हे मात्र हसले नाहीत. "माझा सोफा!" एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता चालणं थांबणार. पण नाही. साखर उतरली, अंगात हुशारी आली, आणि गोडी अशी लागली की आता पहाटे अंधारात माझंच पांघरूण ओढतात. "ऊठ! अण्णा खाली थांबलेत. ते बूट घाल!" गुडघे दुखतात म्हणावं तर हे म्हणतात, "चालल्याशिवाय दुखायचे कसे थांबतील?"

देवीला दोष देत नाही हो. मी मागितलं ते तिनं दिलं. यांना चालायला लाव म्हणाले, एकट्यांना लाव म्हणायचं माझंच राहून गेलं.