शेवटचं पाकीट

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, एका इस्पितळात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होता. तरुणपणी संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात मास्तरांनी ‘प्रोव्हाइड’ या शब्दाचं मूळ सांगितलं: लॅटिनमध्ये ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘विदेरे’ म्हणजे बघणं. पुरवणं नंतरचं, आधी पुढची गरज ओळखायची. बाकीच्यांनी ते वहीत उतरवलं, दादाने मनावर घेतलं.

त्याने नियमच केला. नवा माल आल्याशिवाय शेवटचा नग कपाटातून हलवायचा नाही. डॉक्टर चिडत, नर्सबाई हात जोडत, दादा ढिम्म. त्याच्या स्टोअरमध्ये कधी काही संपलं नाही, कारण शेवटचं कुणाला मिळतच नसे! घरीही शेवटचा साबण नुसता बघायचा. आम्ही चिडवायचो, तोही हसायचा.

आई त्याच्याकडे राहायची. यंत्राशिवाय तिला ऐकू येत नसे आणि वाचण्याइतकं दिसतही नसे. एका शुक्रवारी यंत्रातले सेल संपले. कपाटात एकच पाकीट उरलं होतं. दुकानदार म्हणाला, सोमवारी नवे पाठवतो. दादाने हाताने खूण करून आईला थांबायला सांगितलं. ती थांबली.

रविवारी दुपारी तिने मावशीचा फोटो मागितला. सात वर्षांपूर्वी मावशी शेवटच्या आजारात असताना दादाने आईला भेटीला नेलं नव्हतं, स्टोअरची मोजदाद चालू होती म्हणून. त्यावर दोघं कधी बोलली नव्हती. फोटो देताना तो म्हणाला, “आई, तेव्हा माझं चुकलं.”

“काय म्हणालास?”

त्याने जरा मोठ्याने सांगितलं. तिने कान पुढे केला. आता ओरडावं लागणार होतं, आणि भिंतीपलीकडे शेजारी होते. त्याला लाज वाटली.

“उद्या सांगतो,” म्हणून त्याने तिचा हात थोपटला.

सोमवारी पहाटे आई झोपेतच गेली.

हे त्यानेच मला सांगितलं. खोटं कशाला बोलू, माझं डोकं फिरलं. कपाटातलं पाकीट काढून मी त्याच्यासमोर आदळलं. “हे फोडायला काय झालं होतं तुला?”

“आज नवे येणारच होते रे,” तो म्हणाला.

आलेही. घर माणसांनी भरलेलं असताना दुकानातला माणूस पाकिटं घेऊन दारात उभा राहिला. दादाने सवयीने सही केली. मग आत येऊन आईच्या कानाशी वाकला आणि सगळ्या शेजाऱ्यांदेखत ओरडला, “आई, माझं चुकलं!”