पंख्याची पत्रिका

ग्यानीराम मिस्त्रीचं वाटोळं कशानं झालं, असं विचारलं तर गावातले लोक लाइटीचं नाव घेतात, थ्रेशरचं घेतात, त्याच्या नशिबाचं घेतात. माझं कोणी घेत नाही. घेणार कसं? सगळ्यांना आपापल्या पोरांच्या लग्नपत्रिका माझ्याकडेच छापायच्या असतात न! म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

मी भूपेंद्र. गोंदियात माझा पत्रिकांचा छापखाना. गाव आमगावजवळ, ग्यानीरामचंच. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. चार एकर धान, आणि घराच्या बाजूला टिनाच्या छपराखाली एक लेथ आणि एक वेल्डिंगचं मशीन. नांगराचा फाळ असो की बैलगाडीचा आख, येईल ते दुरुस्त करायचा आणि वर चार शिव्या द्यायचा. "कोन गध्यानं वेल्डिंग केलन रे हे?" हा त्याचा रामराम. बरेचदा ते वेल्डिंग त्यानंच केलेलं असायचं.

पंखा त्यानं बायकोसाठी केला. फुलवंतावहिनी एका वर्षी खळ्यावर तीन दिवस सूप घेऊन उभी होती. धान उडवायला हवाच नाही. विजेचा पंखा लावावा तर तेव्हा दिवसाचे बारा-बारा तास लाइट गुल. चौथ्या दिवशी ग्यानीरामनं जुनी सायकल कापली, तिच्या चेनवर टिनाची तीन पाती बसवली आणि म्हणाला, "हवेची वाट कायले पाहाची? बस अन् मार पायडल." एकानं पायडल मारायचं, दुसऱ्यानं सुपानं धान सोडायचा. तासाभरात दोन खंडी धान साफ. आसपासच्या बाया पाहायला आल्या आणि बघता बघता मागणी सुरू झाली. पंखे केशोरीला गेले, चिचगडला गेले. प्रत्येक पंख्याच्या दांड्यावर तो पांढऱ्या रंगानं आपलं नाव, गाव आणि फोन नंबर लिहायचा. तोच त्याचा सगळा प्रचार.

पण वर्षाला बारा-पंधरा पंख्यांवर लेथ चालत नाही. बाकीची दुरुस्ती तर त्यानं सोडूनच दिली होती, पंख्याच्या नादात. दोन हजार सातच्या पावसाळ्यात तो माझ्या दुकानात आला. "दोन वर्सं पाहातो. बाहेरून मागनी आली तं ठीक, नाही तं लेथ इकून टाकतो. तू ते वेबसाइट का काय ते करतं म्हनते न? माह्या पंख्याची कर."

मी नागपूरला तीन महिन्यांचा क्लास करून आलो होतो. अंगात नुसती मस्ती होती.

त्यानं खिशातून एक कागद काढला. पेन्सिलनं पंख्याचं चित्र काढलं होतं. खाली चार ओळी: हा काय करतो, तासाला किती करतो, किंमत, फोन नंबर. बस.

मी हसलो. खरंच हसलो, त्याच्या तोंडावर. म्हटलं, "भाऊ, हे काय औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आहे? वेबसाइट आहे ती. दुनिया पाहणार. जरा शोभा पाहिजे."

"शोभा पंख्याले का कराची हाय, बावा? त्याले हवा फेकाची हाय."

इतकं सरळ बोलला होता. माझ्या कानात तेव्हा बोळे होते.

त्यात त्याचे मोठे भाऊ केशोराव आले. समाजाच्या मंडळात पद, गळ्यात उपरणं, आणि सांगायची हौस. आमच्याकडची पत्रिका ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो: नवरा-नवरीची नावं असतात एका बोटाएवढ्या जागेत, आणि बाकी सगळ्या पत्रिकेवर काका, मामा, फुफाजी, जावई, झाडून सगळे. कोणाचं नाव राहिलं, किंवा धाकट्याचं मोठ्याच्या वर गेलं, की संपलं. एका लग्नात मोठे मामाजी एवढ्याशा कारणावरून मांडवाच्या दारातून परत गेलेले मी पाहिले आहेत. माझा सगळा धंदा या नावांच्या उतरंडीवर चालला. त्यात मी उस्ताद होतो, आणि आलं ते काम मी त्याच साच्यात ओतत होतो.

केशोराव म्हणाले, "नावं सगळ्यायची पाह्यजेत, भूपेंद्र. उद्या कोनी म्हनन, ग्यानीराम मोठा झाला अन् आमाले इसरला."

झालं. पंख्याची लग्नपत्रिका तयार. वर घुमता गणपती. दोन्ही बाजूंना लवलवत्या समया. झेंडूची किनार. पान उघडलं की सनई. मग आशीर्वाद, प्रेरणा, मार्गदर्शक, शुभेच्छुक, अशी एक्केचाळीस नावं, वरून खाली सरकणारी. पुढाऱ्याचा फोटो, ग्यानीरामच्या आईचा हार घातलेला फोटो. आणि पंखा? पंख्याचाही फोटो होता की! केशोरावांनी पंख्याचं उद्घाटन घडवलं त्या दिवशीचा. पंख्याला झेंडूचे हार, आणि पुढे फेटे बांधून उभे राहिलेले सगळे पाहुणे. एका पाहुण्याच्या काखेतून पायडल तेवढं दिसत होतं. किंमत काढून टाकली, मंगल कामात पैशाची भाषा बरी दिसत नाही म्हणून. फोन नंबर अगदी शेवटी, पत्रिकेवर स्थळ लिहितात तिथं. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि मला तो मोती किती छान बसवला याचं कौतुक!

पण याहून मोठं पाप पुढे केलं. ग्यानीरामला म्हटलं, "आता दांड्यावर नाव, गाव, नंबर कायले लिहितं? गावंढळ दिसते. वेबसाइटचं नाव टाक." त्यानं ऐकलं. शिकलेला माणूस सांगून राहिला म्हटल्यावर त्यानं ऐकलं हो! दसऱ्यापासूनच्या सगळ्या पंख्यांवर नुसती माझी वेबसाइट; नाव, गाव, नंबर सगळं गायब.

पानाच्या तळाशी मी एक आकडा लावला होता, किती लोकांनी पान पाहिलं ते सांगणारा. तो आकडा वाढायला लागला. पन्नास, शंभर, उन्हाळा आला तेव्हा दोनशेच्या वर. मी ग्यानीरामला फोन करून सांगायचो, "भाऊ, लोक पाहून राहिले! दिवाळीनंतर मळण्या लागल्या की पाहा कसे तुटून पडतात." त्यानं जोडीतला एक बैल विकला आणि चाळीस पंखे करून ठेवले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीत पंखे, गोठ्यात पंखे, धानाच्या कोठीला टेकून पंखे.

दिवाळीच्या तोंडावर त्यानं मला बोलावलं, चाळीस पंख्यांचा फोटो काढून वेबसाइटवर टाकायला. मी कॅमेरा घेऊन गेलो. तेवढ्यात दारासमोर एक जीप थांबली आणि पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. सुमित्राबाई नाव, बालाघाटकडे बायकांची एक संस्था चालवतात. अंगणात पाहिलं आणि मटकन खाटेवर बसल्या.

"इतने सारे? और मैं दो महीने ढूँढती रही."

मग त्यांनी सांगितलं. चिचगडला एका बाईच्या घरी त्यांनी हा पंखा पाहिला. त्यांच्या जंगलातल्या गावांना लाइट नाही, त्यांना असेच दोनशे पंखे हवे होते. पंखा घेणारा त्या बाईचा नवरा मजुरीला बाहेरगावी, तिला मिस्त्रीचं गाव माहीत नव्हतं. दांड्यावर वेबसाइट होती. ती सुमित्राबाईंनी पैसा देणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात उघडली. आधी सनई वाजली, मग गणपती आले, मग नावं.

"हमें लगा किसी की शादी का कार्ड है. साहब बोले, बंद करो, बहनजी, नेटवाले ने गलत जगह भेज दिया."

पैसे मुदतीत खर्च करायचे होते. दुसरीकडून मोटरीचे पंखे घेतले. ते गावोगाव बंद पडून आहेत, कारण लाइटच नाही. आता चिचगडचा नवरा परत आला, त्यानं गाव सांगितलं, म्हणून त्या आल्या. हात जोडून म्हणाल्या, पैसा संपला, संस्थेसाठी दोन तेवढे नेते.

मी तोंड वाचवायला म्हटलं, "पण दोनशेच्या वर लोकांनी पाहिलं होतं न, भाऊ! मागणी येईलच."

ग्यानीरामनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

"ते मीच होतो, बावा. रिंकीले घेऊन दर बाजाराच्या दिवसी आमगावले जात होतो, कम्प्युटरवाल्याकडं. नेट हळू चाले, फोटो येतच नोहता. पाच-पाच, सहा-सहा खेपा उघडून पाहो. म्हटलं, माहा पंखा एकदा तरी दिसन."

रिंकी, त्याची पोरगी, दारात उभी होती. तिनं मान खाली घातली. मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

त्याच रात्री मी पान मोडून नवीन केलं. पंखा, चार ओळी, किंमत, नंबर. अर्ध्या तासाचं काम. वरातीमागून घोडं! त्या हंगामात नऊ फोन आले, त्यातून चार पंखे गेले. पण ग्यानीरामची दोन वर्षं संपत आली होती आणि बैलजोडीविना त्याची शेती दुसऱ्याच्या दयेवर आली होती. पुढच्या उन्हाळ्यात एक ग्रिलवाला टेम्पो घेऊन आला. लेथ चढवायला सहा माणसं लागली. ग्यानीराम आता गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये फिटर आहे, पट्टे बदलतो. शिव्या देत नाही. मिलमधले लोक म्हणतात, मोठा शांत माणूस आहे. त्यांना काय माहीत!

टेम्पो निघाला तेव्हा मी वहिनीजवळ जाऊन उभा राहिलो. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं."

फुलवंतावहिनी पदरानं तोंड पुसत होती. म्हणाली, "तुमचं काऊन चुकन, बाबूजी? तुमी तं कोनाचंच नाव सोडलं नाही. एक्केचाळीस मानसं. रिंकीनं मले सारे वाचून दाखवलेन. त्यातल्या एकाच्याबी खळ्यावर माह्या मानसाचा पंखा नाही."

केशोराव बाजूलाच उभे होते, ते चपला शोधायला लागले. मीही मान फिरवली. माझ्या घरी सहा एकर धान आहे आणि आम्ही भाड्याचं थ्रेशर लावतो. त्या यादीतलं शेवटचं नाव मी माझं टाकलं होतं.