कोऱ्या बाटलीतलं पाणमांजर

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी हसायला वाचतो. वडाखालची बाई, पैंजण, मागं वळून बघू नकोस... तेच ते. चाकणला आमच्या कंपनीत मशीन अडकलं की लोक नारळ आणायला पळायचे, ऑइल बघायला कोणी जात नव्हतं. असल्या माणसांची मला किळस येते. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण सांगू कोणाला?

मी परभणीकडचा, पूर्णेकाठचा. वडील भोई, मासे धरायचे. आठवीत शाळा सुटली. वाळूवाल्यांनी नदी खरवडून नेली, मासे गेले, मी चाकणला आलो. कंत्राट संपल्यावर रस्त्यावरच होतो. गायकवाड मॅडमनी गाडी चालवायला ठेवलं, पिंपळे गुरवला खोली बघून दिली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. ही नोकरी गेली तर परत कुठं जायचं, ही धास्ती मात्र रोजची.

मॅडमचं काम म्हणजे इथल्या नद्यांत पाणमांजर उरलंय का ते शोधणं. जनावर दिसत नाही, पण पाण्यात उतरलं की त्याच्या कातडीचे, लाळेचे कण सुटतात. पाणी गाळून लॅबमध्ये डीएनए तपासला की कोण येऊन गेलं ते कळतं. पवनेत, इंद्रायणीत सापडायची कुत्री, डुकरं, माणसं. पाणमांजर कधीच नाही.

दर वेळी एक बाटली कोरी असते. सीलबंद शुद्ध पाणी. काठावर झाकण उघडायचं, लावायचं, बाकीच्यांबरोबर लॅबला धाडायची. तिच्यात काहीच निघता कामा नये. निघालं तर कोणाचा तरी हात घाण, सगळं काम कचऱ्यात.

पवनेकाठी रावेतला ती बाटली मी धरली होती. नदीच्या बाटल्यांत नेहमीचंच. कोऱ्या बाटलीत — पाणमांजर.

मॅडमचा असिस्टंट सावंत. एमएस्सी, गालात कायम मावा. "भावा, मच्छी खाऊन हात धुतलेस का त्यात?" म्हणाला. मग मॅडमना म्हणे, आठवी पास माणसाच्या हातात सॅम्पल देता, काढून टाका त्याला. काठावर पिचकाऱ्या मारणारा मला स्वच्छता शिकवत होता! मी मान खाली घालून उभा.

पुढच्या खेपेला त्याच जागी कोरी बाटली सावंतनं धरली. तिच्यात काहीच निघालं नाही. "बघा, प्रॉब्लेम ड्रायव्हरच आहे."

मॅडमनी स्वतःच तपासायचं ठरवलं. पिंपळे सौदागरच्या ऑफिसात, नदीवर न जाता, मला नवे कपडे दिले, ग्लोव्हज, मास्क. समोर उभ्या राहून तसलीच कोरी बाटली उघडायला लावली, बंद करायला लावली, दुसऱ्याच लॅबला पाठवली. निकाल आला... पाणमांजर. बाकी कशाचा अंश नाही. माझासुद्धा नाही.

सावंत म्हणाला, यानं पाणमांजराचा केस आणून टाकला असणार.

"सावंत, तो एक केस मिळावा म्हणून आपण किती वर्षं फिरतोय?" मॅडम म्हणाल्या. "याला कुठल्या दुकानात मिळाला?"

सावंत मावा थुंकायला बाहेर गेला. माझी नोकरी राहिली. फक्त बाटल्यांना हात लावायचा नाही.

तुमच्या गावी पाणमांजरं होती का हो, असं मॅडमनी नंतर विचारलं. होती. जाळ्यातला पहिला मासा बाबा काठावरच्या एका पाणमांजराला टाकायचे. घरात खायला पुरत नसताना! मला तो मूर्खपणा वाटायचा, अजून वाटतो. बाबा मागच्या साली गेले.

नोकरी वाचल्याचं सांगायला आईला फोन केला. बाटलीचं हसत हसतच सांगितलं. ती हसली नाही.

"तुझ्याकडं आलंय व्हय ते? तुझे बाबा गेल्यापास्नं दिसलं न्हाई. मला वाटलं, वाळूवाल्यांनी मारलं." मग म्हणाली, "खायला काय देतूस त्याला?"

तुम्ही म्हणाल, काहीतरी भेसळ झाली असेल. सावंतही तेच म्हणतो. कशी झाली ते ना त्याला सांगता येत, ना मॅडमना, ना मला. मी अजूनही असलं काही मानत नाही.

परवा पिंपरीहून मासे आणले. पहिला काढून बाजूला ठेवला. हसा खुशाल. पवनेवर गेलो, पण टाकवेना. ते पाणी किती घाण आहे ते मी रोज बघतो. तसाच परत घेऊन आलो.